मानेमागची गाठ आणि शिकेकाईचं पाणी

सन २०२२. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. राहिला तो डावा हात आणि डोळे. लातूरच्या घरात आम्ही दोघंच होतो. मी डाळ मिलमध्ये उभी हयात काढलेला माणूस. पोती उचलली, चाळण्या हलवल्या, पण आजारी बाईला उठवणं, धुणं, भरवणं काही मला जमेना. मुलगा नांदेडला नोकरीला. तो गाडी घेऊन आला आणि आम्हा दोघांना नांदेडला घेऊन गेला. मी नको म्हणत होतो. माझं कोण ऐकतं.

तिच्या केसांचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्न होऊन आली तेव्हा वेणी कमरेखाली रुळायची. म्हातारी झाली, केस पांढरेफेक झाले, तरी अंबाडा माझ्या मुठीत मावत नव्हता. सगळ्या जन्मात तिनं त्या केसांना शाम्पू लावला नाही. शनिवारी संध्याकाळी लोखंडी कढईत शिकेकाईच्या शेंगा, रिठे, वाळलेले आवळे आणि मूठभर मेथी भिजत टाकायची. रविवारी उकळायची, हातानं कुस्करायची, फडक्यातून गाळायची. घरभर आंबूस वास सुटायचा. सोमवार महादेवाचा वार, त्याच्या आदल्या दिवशी डोकं धुतलेलं पाहिजे, असा तिचा नेम. शेजारच्या पोरी शाम्पूच्या पुड्या आणायच्या तेव्हा ती म्हणायची, "त्या पुडीत काय हाय ते पुडीलाबी माहीत नसंल गं."

नांदेडला मग ती पुडीच तिच्या डोक्यावर आली.

सून वाईट नाही, हे इथंच लिहून ठेवतो. सकाळी शाळेत शिकवायला जायची, दुपारी येऊन घरातलं सगळं ओढायची. नळाला पाणी रोज नाही. पलंगावर प्लास्टिक अंथरायचं, मानेखाली घमेलं, एक पुडी फोडायची, दोन तांबे पाणी, झालं. विंचरायला गेलं की ही विव्हळायची, मग सून फणी ठेवून द्यायची. आणि पडलेली सारखी एकाच कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. पावसाळा सरता सरता एक दिवस तिला उचलून बसवली तेव्हा मानेच्या वर केसांचा एक गोळा हाताला लागला. लिंबाएवढा असावा. बघता बघता मुठीएवढा झाला. घट्ट, जसं काही ओलं काथ्याचं वेटोळं वाळलंय.

मुलगा म्हणाला, "अप्पा, आईचे केस बारीक करून टाकू. तिलाबी हलकं वाटंल."

"मी जिता हाय अजून," मी म्हणालो.

"त्याचा काय संबंध?"

संबंध त्याला कळणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या मागच्या गल्लीत दोन बाया होत्या, लाल लुगड्यातल्या, डोकं भादरलेल्या. आमच्यात ती चाल नव्हती, दुसऱ्यांच्यात होती. त्या दारात आल्या की माझी आय खालच्या आवाजात बोलायची. नवरा मेल्यावर बाईचे केस जातात, हे माझ्या डोक्यात तिथून बसलं. ते निघालं नाही, मी काढलंही नाही.

"अहो अप्पा, आजकाल पोरी हौसेनं करतात."

"करू देत. ती पोरगी हाय का?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग मामा, तुम्हीच धुवा. मला शाळा हाय."

"धुतो."

"धुतो म्हणलं की झालं व्हय! तुम्ही कधी स्वतःचं डोकं तरी धुतलंय का?"

माझं डोकं तिशीतच तुळतुळीत झालंय, हे तिला दिसतच होतं. मुलगा हसला. मी हसलो नाही. चपला घातल्या आणि बाजारात गेलो.

दुकानदार म्हणाला, "बाबा, तयार पावडर न्या ना, पाकिटात हाय." मी म्हणालो, "पाकीट नको, शेंगा दे." शेंगा, रिठे, आवळे घेऊन गिरणीत गेलो तर गिरणीवाल्यानं पिशवीत डोकावून हात जोडले. "काका, ह्याची धूळ पिठात गेली तर उद्या गल्लीतल्या बाया भाकर आणून माझ्या तोंडावर मारतील." मी म्हणालो, मग राहू दे. खलबत्ता विकत घेतला.

घरी आलो तर दारातूनच उदबत्तीचा वास. तिची थोरली बहीण उदगीरकडून भेटायला आली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्कानं बहिणीच्या डोक्यातल्या त्या गोळ्याला तेल चोपडून हळद-कुंकू भरलं होतं. चांगलं मूठभर. पलंगाच्या पायाशी उदबत्ती लावून हात जोडून बसली होती.

"पाव्हणं, ही गाठ न्हाई," ती म्हणाली. "आई आली हिच्याकडं. जट हाय ही. हिला कात्री लावू नका, शाम्पू तर लावूच नका. घर बसंल."

आमच्या भागात ही समजूत लई जुनी. बाईच्या केसांचा गुंता झाला की देवी आली म्हणायचं, मग तो गुंता जन्मभर डोक्यावर वागवायचा. मी गळ्यात लिंग बांधणारा माणूस. गळ्यातला देव सोडून मी कुणापुढं वाकलो नाही, आणि माझ्या बायकोच्या डोक्यात दुसऱ्या कुणाचं कुंकू बघून माझं टाळकं फिरलं.

"अक्का, चार महिने एका कुशीवर पडलेल्या बाईच्या डोक्यात देवी येती कुठनं? उशीतनं?"

"अय्यो, असं बोलू नका. जीभ झडंल."

"झडू दे. तिची तर आधीच गेली."

अक्कानं पदर तोंडाला लावला. नंतर जेवलीही नाही, दुपारच्या एसटीनं गेली. जाताना बहिणीच्या पायाला हात लावून गेली. थोरली असून. मला ते आवडलं नाही. कात्री नको हे तिचंही म्हणणं आणि माझंही, पण मला तिची साथ नको होती.

रविवारी मी पाणी केलं. शेंगा किती, रिठे किती, कुणाला विचारणार? जिला माहीत ती भिंतीकडं बघून राहिली. खलबत्त्यात कुटताना एवढ्या शिंका आल्या की खालच्या मजल्यावरचा माणूस विचारायला आला, काय झालं म्हणून. पहिल्या वेळी मी फडक्यातून गाळायचं विसरलो. भुकटी केसात वाळूसारखी अडकली, ती काढता काढता तिसरा प्रहर झाला. पुढच्या रविवारी गाळून घेतलं. मेथी जास्त घातली. मग मात्र मोकळे केस बरे झाले. मऊ झाले, हातातून सरकायला लागले. तो जुना आंबूस वास त्या सिमेंटच्या खोलीत आला. शिकेकाईला मी आजही नावं ठेवत नाही. ज्याला ठेवायची त्यानं ठेवावीत.

पण गाठ सुटेना. हळद-कुंकू आणि तेल वाळून तिचा नुसता दगड झाला होता. पाणी वरून वाहून जायचं, आत शिरायचं नाही. मी लातूरहून माझं दाभण मागवून घेतलं. पोती शिवायचं. त्याचं बोथट टोक गुंत्यात घालायचं आणि एक एक बट ओढून काढायची. रोज सकाळी सून शाळेला गेली की मी बायकोच्या पाठीमागं स्टूल घेऊन बसायचो. तेल लावायचं, मुरू द्यायचं, दाभण घालायचं. एखाद्या दिवशी बोटभर बट सुटायची, एखाद्या दिवशी काहीच नाही. मधून मधून बोलायचो. "आज चिमूटभर निघाली बघ." "दिवाळीपर्यंत अंबाडा बांधतो तुझा." तिचं तोंड भिंतीकडं असायचं. कधी कधी तिचा डावा हात उचलायचा आणि गादीवर पडायचा. मी म्हणायचो, "जरा दम धर, होतंय."

निम्मी गाठ मी सोडवली. हे खोटं नाही. मुलगासुद्धा एकदा वाकून बघून म्हणाला, "अप्पा, जमून राहिलंय की तुम्हाला." त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

मग वास आला. शिकेकाईच्या वासाखालून दुसरा एक वास. मला वाटलं मेथी आंबली. सुनेनं नाक जवळ नेलं, गाठ जराशी वर उचलली आणि तशीच खाली ठेवली. गल्लीतले डॉक्टर येऊन बघून गेले. गाठीच्या खाली कातडी सडली होती. डॉक्टर म्हणाले, केस काढल्याशिवाय औषध लागणार नाही, जखम उघडी पाहिजे.

"थोडे दिवस द्या," मी म्हणालो. "निम्मी सुटली, निम्मी राहिली."

डॉक्टर मुलाकडं बघायला लागले. ते गेल्यावर सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला बरं पडलं असतं.

"मामा, तुम्ही मागं बसता. मी चारायला पुढं बसती. उशीची खोळ मी रोज शाळेतनं आल्या आल्या का बदलती, माहीत हाय का तुम्हाला?"

"लाळ गळती म्हणून."

"लाळ न्हाई ती. तुम्ही दाभण घालता, त्याच्यानं त्या रडतात."

मी म्हणालो, "दुखत असंल. सुटायला लागलं की दुखतंच."

"त्यांना विचारलं का कुणी?"

सून पलंगाच्या आणि भिंतीच्या फटीत घुसली, गुडघ्यावर बसली, सासूचा डावा हात हातात घेतला. "आत्याबाई, केस काढून टाकू का? काढायचे असतील तर माझा हात दाबा."

मला इकडून नुसता हात दिसत होता. त्या हातानं सुनेची बोटं एवढी आवळली की सुनेच्या बांगड्या वाजल्या.

"परत विचार," मी म्हणालो.

सुनेनं परत विचारलं. परत तसंच.

"सरक. मी विचारतो." मी त्या फटीत गेलो. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड मी समोरून बघत होतो. गाल आत गेले होते. मी हात पुढं केला. म्हणालो, "अगं, एवढे दिवस जपलेस. मी सोडवतो ना. राहू दे ना?"

तिनं माझ्या हातात हात दिला नाही. तो डोक्यामागं नेला, गाठ मुठीत धरली आणि ओढली. जेवढा जोर होता तेवढ्या जोरानं. डोळे माझ्यावरच होते.

मी म्हणालो, "आण कात्री."

दुपारी सुनेनं कापले. डोकं मी धरलं होतं. कुंकवानं घट्ट झालेल्या केसात कात्री चालेना, करकर आवाज यायचा, लाल भुगा चादरीवर पडायचा. गाठ तुटून माझ्या हातात आली तेव्हा तिचं वजन बघून मी चकित झालो. खालची जखम मी बघितली, तिचं वर्णन करत नाही. मग सुनेनं बाकीचेही कापले. मी एक एक करून सोडवलेले, मऊ झालेले, तेही. बायको आता तिच्या बापासारखी दिसायला लागली. सासरे वारून माझ्या अंदाजानं तीस वर्षं झाली असतील. मला त्या माणसाचा चेहरा आठवत नव्हता, तो त्या दिवशी आठवला.

औषध लावल्यावर ती दुसऱ्या कुशीवर झोपली. घोरायला लागली. सून म्हणाली, "बघा, कशी झोप लागली." मी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

संध्याकाळी गल्लीतून तो मोटरसायकलवाला गेला, भोंगा लावून, केसांच्या बदल्यात भांडी देणारा. मी उठून सगळे केस, ती गाठसुद्धा, एका पिशवीत भरले आणि माझ्या उशाशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता ऑटो केला आणि गोदावरीच्या घाटावर गेलो. अक्काच्या देवीसाठी गेलो नव्हतो. त्या केसांना दुसरी कुठली जागा मला सुचेना, एवढंच. नदीला पाणी होतं, जलपर्णीनं झाकलेलं. पायऱ्या उतरून पिशवीची गाठ सोडत होतो तर मागून झाडूवाला ओरडला.

"ओ बाबा! कचरा टाकू नका पाण्यात!"

"कचरा न्हाई."

"मग काय हाय?"

मी पिशवी त्याच्यापुढं उघडी धरली. तो जवळ आला, आत बघितलं त्यानं, हळद-कुंकू बघून जरासा मागं सरला आणि अक्कासारखेच हात जोडले.

मी पिशवी बंद केली, काखेत मारली आणि पायऱ्या चढून परत ऑटोत बसलो.