माझं हिंदी आणि काबूलचा फोन

माझं हिंदी हा आमच्या घरात चेष्टेचा विषय. भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरला तीस वर्षं काढली, रोज परप्रांतीय कामगारांशी बोलणं, तरी माझं हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला बांधलेलं 'है'. "पाव्हणे आएंगे तो जागा पुरेगी नहीं," असं मी बिनदिक्कत बोलायचे. समोरच्याला कळायचं, काम व्हायचं, मग बोंब कसली मारायची?

दिघीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगी भाड्याने राहायची. काबूलची, इथे एम.एस्सी. करत होती. ती आली तेव्हा शेजारच्या बायकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, खोली माझी, भाडेकरू माझी, तुम्ही आपापल्या पोळ्या लाटा. सिनेमे बघून शिकलेलं तिचं हिंदी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं आणि मराठीही ती भराभर उचलत होती. मला काकू म्हणायची. दरवाजा, बाजार, पडदा, जमीन, एकेक शब्द ऐकून हसायची, "काकू, हे सगळं आमच्याकडून आलंय." मी म्हणायचे, "आलंय ना, मग आता आमचं झालं. परत मागू नकोस."

तिला एक धाकटी बहीण होती, एकोणीस वर्षांची. वडील नव्हते, आई दम्याने बेजार. आईचाच हट्ट, की दोघी मुली शिकाव्यात. धाकटीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसला. महिनाअखेरीला ती येणार म्हणून मी वर दुसरा पलंग लावून ठेवला. तीही सिनेमे बघूनच हिंदी शिकलेली, फोनवर मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. "खाला, मैं आ रही हूँ," हे तिचं रोजचं वाक्य.

आणि त्याच महिन्यात तिकडचं सरकार कोसळलं. अमेरिकेचं सैन्य निघालं होतं, हे आम्ही बातम्यांत बघतच होतो, पण इतक्या झटपट सगळं संपेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी आपली शहाणी, तिला धीर द्यायला गेले. "अगं, सरकार पडलं तर पडलं. आमच्याकडे चार आमदार हॉटेलात जाऊन बसले की पडतं. दुसरं येईल." ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "काकू, सरकार पडलं नाही. पळून गेलं." मला माझीच लाज वाटली.

मग एकच ध्यास, धाकटीला बाहेर काढायचं. आपली विमानं तिथल्या भारतीयांना आणायला जात होती आणि काही अफगाणांनाही जागा मिळत होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मी त्यांच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, भाऊ, तुमची जिथे म्हणून ओळख असेल तिथे बोला, मी इथून हलणार नाही. त्या माणसाने खरोखर दिवसभर फोन केले. मी अर्ज लिहिले, कॉलेजातून पत्र आणलं, दिसेल त्याच्या पाया पडले. तिकडे धाकटी तिच्या मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर विमानतळाच्या फाटकापाशी उन्हात उभी होती. दोन दिवस. समोर बंदूकवाले, मागे हजारो माणसं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार स्वतः आले. "वहिनी, नाव पुढे गेलंय. पोरीला म्हणावं, जागा सोडू नकोस." मी जिन्याने धावतच वर गेले. थोरली दोन दिवस न झोपता अखेर खुर्चीतच कलंडली होती. हातातला फोन थरथरत होता, तिला जाग नव्हती. म्हटलं झोपू दे लेकराला. फोन मीच घेतला.

धाकटीच होती. आवाज तुटत होता. "खाला, अम्मी बीमार है. यहाँ लोग कहते हैं, अब किसी को अंदर नहीं लेंगे. मैं रुकूँ या घर जाऊँ?"

मला काय आनंद झाला होता सांगू. मी ओरडूनच म्हणाले, "बेटा, हमने शिकस्त की है. पूरी शिकस्त." पुढे, नाव गेलं आहे, हलू नकोस, असं सगळं बोलले. पण मधेच लाईन खरखरली आणि तिचा आवाज आला, "शिकस्त?" मी म्हटलं, "हां हां, शिकस्त." ती अगदी शांतपणे म्हणाली, "अच्छा, खाला. शुक्रिया." आणि फोन बंद झाला.

मी थोरलीला उठवलं, नाव गेल्याचं सांगितलं. दोघी रडलो, शिरा केला. धाकटीचा फोन मात्र लागेना. लागला तो दुसऱ्या दिवशी, आणि ती घरी होती. आईजवळ. एवढंच कळलं आणि लाईन तुटली. घरापासून फाटकापर्यंत तोवर रस्तेच बंद झाले होते. ती मैत्रीण तेवढी फाटकातून आत गेली, दिल्लीला उतरली. पुढे तर आधीचे व्हिसाच चालेनासे झाले.

त्या मैत्रिणीने दिल्लीहून फोन करून थोरलीला विचारलं, तुझी बहीण अशी अचानक का निघून गेली? थोरली खाली माझ्याकडे आली. मी गवार मोडत होते. "काकू, त्या दिवशी तुम्ही तिला नक्की काय म्हणालात?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काय म्हणणार? शिकस्त केली म्हटलं. आम्ही शिकस्तच केली होती की."

ती जमिनीवर बसली आणि मला समजावून सांगितलं. त्यांच्या भाषेत आणि हिंदीतही शिकस्त म्हणजे हार. हरलो, संपलं. आपण मराठीत शिकस्त करतो म्हणजे जिवाचं रान करतो. मी त्या पोरीला सांगत होते, आम्ही जिवाचं रान केलं. तिने ऐकलं, आम्ही हरलो. आणि मी ते तिला दोनदा सांगितलं.

थोरली मला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, काकू," एवढंच म्हणाली. पण त्यानंतर ती जेवायला खाली येईनाशी झाली. शिक्षण संपल्यावर ती दुसऱ्या देशात गेली. निघताना तिने एक वचन घेतलं, धाकटीला हे कधी सांगायचं नाही. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कळलं ते परवा. धाकटी अजून काबूललाच आहे. कॉलेज नाही, नोकरी नाही, घरात शिवण करते. आई मागच्या थंडीत गेली. कधीमधी माझ्याशी बोलते. परवा म्हणाली, "खाला, उन दिनों सबने मुझसे झूठ बोला. सरकार ने, अमरीका ने, मेरी बहन ने भी, कि बस थोड़ा रुको. एक आपने सच बोला. इसलिए मैं अम्मी के पास लौट आई. मैं रोज़ आपके लिए दुआ करती हूँ."

खरं सांगावं, तर तिला कळेल की तिचं नाव यादीत होतं आणि फाटक दहा पावलांवर होतं.

"जीती रहो, बेटा," मी म्हटलं. यात तरी काही चुकलं नसेल.