खिशात मावेल असं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं तर आधी खिसा पाहिजे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आमच्याकडं पिस्तूल घेणारे सगळे पुरुष, आणि पुरुषांना खिसा जन्मतःच मिळतो. माझ्या कपाटात ढीगभर कुर्ते होते, पण त्यातल्या एकालाही धड रुमाल मावेल एवढा खिसा नव्हता.

आमचा पेट्रोल पंप केदारखेड्याजवळ, रस्त्याला लागून आहे. जमीन वडिलांची, पंप वडिलांच्या नावावर, आणि चालवते मी. लग्न मोडून माहेरी आले तेव्हा वडील म्हणाले होते, "बस गल्ल्यावर, तेवढंच मन रमंल." मन रमायच्या आधी अख्खा पंप माझ्या गळ्यात पडला, आणि आज इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. धाकटा भाऊ पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. निम्मी गिऱ्हाइकं आता मोबाईलवर पैसे देतात, पण ट्रॅक्टरवाले आणि टेम्पोवाले अजून नोटाच काढतात. त्या नोटा जालन्याच्या बँकेत न्यायच्या म्हणजे मीच न्यायच्या, माझ्या गाडीतून, एकटीनं.

एकदा भरदुपारी गतिरोधकावर गाडी हळू झाली आणि दुचाकीवरच्या दोघांनी मागची काच फोडून सीटवरची पिशवी नेली. पिशवीत माझा डबा होता. पैसे माझ्या पायाशी होते. गावात सगळे हसले, "चोरांनी भाजी-भाकरी खाल्ली" म्हणून. मीही हसले. पण पुढं कितीतरी दिवस गाडी चालवताना माझी नजर सारखी मागच्या आरशात जायची. पिशवी चुकली हे त्या दोघांना डबा उघडल्याबरोबर कळलं असणार, आणि माझा रस्ता तर रोज तोच.

म्हणून मी लायसनसाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "घरात पुरुष माणूस नाही का?"

"आहेत की, वडील आहेत."

"मग त्यांच्या नावावर का नाही घेत?"

"त्यांच्या नावावर बंदूक आहे. पैसे मी नेते."

त्यानं वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि दोघांनी मिळून एक उसासा टाकला. पुढं हेलपाटे घालून घालून चपला झिजल्या तेव्हा कुठं लायसन हातात पडलं.

वडिलांकडं रानडुकरांसाठी घेतलेली जुनी बारा बोअरची दुनळी आहे. ती घेऊन ते शेतात जायचे तेव्हा मुद्दाम गावातून जायचे. त्यांचं तत्त्व सरळ होतं. "बंदूक दिसली पायजे. दिसली न्हाई तर मंग बंदूक कशाला, काठी बरी." माझं बरोबर उलटं होतं. पिस्तूल दिसलं की दोघांच्या जागी चौघं येतील, आणि पैशाच्या आधी पिस्तूलच हिसकावतील. मला ते लहान पाहिजे होतं, खिशात मावणारं, कुणालाही न दिसणारं आणि परवडणारं. यातलं 'परवडणारं' तेवढं वडिलांना पटलं.

भावाला सांगितलं तर तो सुट्टी टाकून आला. पंपाचं ऑडिट असताना त्याला सुट्टी मिळत नाही, पिस्तूल म्हटल्यावर मिळाली. आम्ही संभाजीनगरच्या दुकानात गेलो. लायसन माझं, फोटो माझा, प्रश्न मी विचारत होते, आणि दुकानदार प्रत्येक उत्तर भावाला देत होता. "बघा साहेब, याचा फिनिश बघा." मी दोनदा खाकरले. त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं.

काउंटरवर तीन पिस्तुलं आली. पहिलं लांब नळीचं, चकचकीत. भावानं ते उचललं आणि आरशात स्वतःला पाहून घेतलं. "ताई, हेच घे. काय लूक आहे!" दुसरं जुनं परदेशी, साबणाच्या वडीएवढं. ते मला मनापासून आवडलं. पण परदेशी माल आता बाहेरून येत नाही, आहे तोच हातोहात फिरतो, आणि किंमत अशी की पंपच विकायला काढावा लागला असता. शिवाय त्याची काडतुसं मिळतीलच याची खात्री दुकानदारालाही नव्हती. तिसरं सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोअरचं, काळं, आखूड, रूप नसलेलं. त्याच्याकडं दोघांपैकी कुणी पाहिलंसुद्धा नाही, म्हणून मी ते हातात घेतलं.

वरचा भाग मागं ओढायला जरा जोर लागला, पण माझ्या हातानं जमलं. हातरुमाल घेऊन त्याच्यावरून फिरवला. खिशातून काढताना कापडात अडकेल असा कोपरा कुठं नव्हता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यावर कमरेला लावायचं चामडी कव्हर देतो. शोभून दिसतं." मी म्हटलं, "मला शोभून दिसायचं नाही. खिशात मावतं का तेवढं सांगा."

"कोणत्या खिशात?"

माझ्या कुर्त्याला तर खिसाच नव्हता. मग मी ते रिकामं पिस्तूल भावाला पँटच्या खिशात घालायला लावलं, त्याला खुर्चीत बसवलं, उठवलं, चालवलं. तो पोट दुखणाऱ्या माणसासारखा दुकानातून फिरला. मावतं, टोचत नाही आणि बाहेरून कळत नाही, असं ठरलं. माझं पिस्तूल असं भावाच्या खिशात निवडलं गेलं. तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

पुढचा वनवास शिंपिणीकडं. जालन्यात माझे कपडे शिवते ती बाई बोलकी. खोल खिसा, जाड कापड, आतून पट्टी, एवढं ऐकून म्हणाली, "मोबाईलसाठी ना, ताई?"

"हो."

"इतकं जाड कापड?"

"मोबाईल जड आहे."

"कोणता घेतला?"

मी विषय ब्लाउजच्या गळ्यावर नेला. शिवून आलेला कुर्ता घातला तर उजवीकडून ओल्या टॉवेलासारखा ओघळायचा. मग डाव्या खिशात पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा घालून मी तोल साधला. चालताना खुळखुळ वाजायचं. पण बऱ्याच दिवसांनी गाडी चालवताना मला रस्ता दिसला, नाहीतर सारखा आरसाच दिसत होता.

हे मी, वडील आणि भाऊ, आम्हा तिघांपुरतंच ठेवायचं ठरलं होतं. वडिलांना मी देवासमोर शपथ घातली होती. त्यांनी ती मोठ्या कष्टानं पाळली. पाहुणे आले की ते "आमच्याकडं आता एक लहानी चीज आली हाय..." म्हणून सुरू करायचे, आणि मी स्वयंपाकघरातून भांडं आपटायची.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी विळा, कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टर आणि दुनळी यांची पूजा असते. वडिलांनी सकाळीच पिस्तूल मागितलं. मी सांगितलं, "संध्याकाळी आले की मी स्वतः ठेवीन, वर एक फूल वाहू, बस्स." काडतुसं वेगळी काढली, पिस्तूल कपाटात कुलूपबंद केलं आणि पंपावरच्या पूजेला गेले. आमच्या घरात सगळ्या किल्ल्या देवघरातल्या खुंटीला असतात, याचा विचार करायला पाहिजे होता.

दुपारी पंपावर मोबाईल वाजायला लागला तो थांबेना. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो होता. पाटावर नवा टॉवेल, त्यावर दुनळी, तिच्याशेजारी माझं पिस्तूल, आणि मागं दसऱ्याला आलेला भाऊ, सोवळं नेसलेला, कपाळाला गंध. खाली आत्या, मामा, तीर्थपुरीचे चुलते, कुणाकुणाचे जावई, सगळे. "अभिनंदन! शोभतंय भाऊ!" "आता कुणाची हिंमत!" वडिलांनी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

मी घरी आले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. पिस्तूल पाटावरच होतं. त्याला पाण्यानं आंघोळ घातली होती, वरून दूध. नळीच्या तोंडात कुंकू, प्रत्येक फटीत हळद, चापाच्या जागी झेंडूचं फूल खोचलेलं, आणि सगळ्यावर अक्षता. वरचा भाग मागं ओढून पाहिला तर हलेना. आतलं तेल आणि हळद-कुंकू मिळून पार लगदा झाला होता.

"अण्णा, हे काय केलंत?"

"देव म्हणून पुजलं. त्यात काय बिघडलं?"

"पिस्तूल बिघडलं! आणि लायसन माझं आहे, दुसऱ्यानं हात लावणं हाच गुन्हा, त्यात तुम्ही त्याचा फोटो काढून गावाला वाटला!"

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, मला वाटलं अण्णांनी तुला विचारून..." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

"लायसन कुणाचं आहे, अण्णा?"

"तुझं."

"पैसे कोण नेतं?"

"तू."

"मग लोक त्याचं अभिनंदन करतात आणि तुम्ही हात कसले जोडता?"

"मंग काय सांगू लोकांला? पोरगी खिशात पिस्तूल घालून हिंडून राह्यली म्हणू? पोराच्या हातात दिसलं की बराबर वचक बसतो. तुझ्या वाटंला कोणी जायचं न्हाई."

"तो पुण्यात असतो! पुण्यातून वचक बसवणार का तो?"

मला राग पिस्तुलाचा नव्हता. इतकी वर्षं उन्हात उभी राहून मी तो पंप चालवला, टँकर उतरवून घेतले, रात्री-अपरात्री भांडणं मिटवली, आणि घरच्यांच्या हिशेबी मी अजून गल्ल्यावर मन रमवायला बसलेली होते. हे मला फार लागलं. मी तसं बोललेही.

भावानं फोटो काढून टाकला आणि ग्रुपवर लिहिलं, "पिस्तूल ताईचं आहे." त्यावर सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली.

पिस्तूल घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं ते उघडलं, वास घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोलला. "खंडेनवमी ना? दसरा झाला की माझ्याकडं रांगच लागते, ताई. मागच्या वेळी एकानं पंचामृत घातलं होतं." साफसफाईचा खर्च वेगळा.

पिस्तूल परत आलं, कुर्ता पुन्हा उजवीकडून ओघळायला लागला, आणि निवडणुका जाहीर झाल्या. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी आपली हत्यारं ठाण्यात जमा करायची. म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढा जीव आटवला ती पोलिसांच्या कपाटात, आणि मी त्याच रस्त्यावर, रिकामा खिसा घेऊन. त्यात आता सगळ्या गोतावळ्याला माहीत, की आमच्या घरात पिस्तूल लागावं एवढा पैसा गाडीतून जातो. चिडावं तरी किती ठिकाणी?

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन निघाले तर गाडीत पुढच्या सीटवर वडील बसलेले. धुवट नेहरू शर्ट, डोक्याला टोपी, उजवा हात खिशात.

"कुठं निघालात?"

"बँकेत."

"तुमचं काय काम?"

"काम बिलकुल न्हाई. चल जल्दी."

त्यांचा गुडघा दुखतो. गाडीत चढायला त्यांना दोन माणसं लागतात. कुणी चढवलं होतं देव जाणे. मी विचारलं, "खिशात काय आहे?"

"काही न्हाई. पर लोकांला काय माहीत? तुझे दोन्ही हात स्टेरिंगवर. गाडीत एक हात तरी खिशात पायजे ना."

माझ्यावर आता पैसे होते आणि ऐंशीकडं झुकलेला एक म्हातारा होता. रस्ताभर त्यांनी हात बाहेर काढला नाही. जालन्याजवळ एमआयडीसीला जाणाऱ्या दुचाक्या लागल्या, तेव्हा ते डबे लटकवलेल्या एकेका कामगाराकडं असे डोळे वटारून बघत होते की मलाच त्या बिचाऱ्यांची माफी मागावीशी वाटली. मी म्हटलं, "अण्णा, कामावर निघालेत ते लोक." ते म्हणाले, "तू समोर बघ."

बँकेत मी काउंटरला गेले आणि ते दाराशी उभे राहिले, हात खिशातच. व्हायचं तेच झालं. बंदूकवाला पहारेकरी त्यांच्याकडं आला. "बाबा, हात बाहेर काढा. काय आहे खिशात?"

वडिलांनी चष्म्याचं घर काढून दाखवलं. पहारेकरी हसला. "पंपाचे मालक ना तुम्ही?"

"न्हाई," वडील म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. "मालकीण ती. ती बघा, काउंटरला उभी हाय. पिस्तूल बी तिचंच हाय. ठाण्यात जमा केलंय, निवडणूक होईस्तोवर." मग त्यांनी चष्म्याचं घर पुन्हा खिशात घातलं आणि त्याच्यावर हात ठेवला. "तवर मी हाय."

सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. पिस्तूल माझं आहे हे, आणि ते आत्ता माझ्याजवळ नाही हेही, त्यांनी एका दमात अख्ख्या जालन्याला सांगून टाकलं होतं. मी चिडायला तोंड उघडलं, आणि मला चिडताच येईना.

पावती घेऊन मी दाराशी गेले आणि त्यांचा दंड धरला. "चला. पैसे भरले. काढा आता तो हात बाहेर."

"तू गाडीत बस आधी," ते म्हणाले.