कर्सरनं कुठं उभं राहायचं?

मॅन्युअल लिहायला बसलं की कागदावर जेवढं उतरतं, त्याच्या दुप्पट बाहेर सांडतं. सांडलेलं कंपनीच्या काही कामाचं नसतं, म्हणून ते मी भेटेल त्याला सांगत सुटते. आज तुम्ही सापडलात!

कंपनी पुण्याची, मी गोंदियाची. त्यांचं सॉफ्टवेअर असं, की आपण मराठीत सांगायचं आणि एआयनं रेकॉर्डिंग कापायचं. कर्सर म्हणजे स्क्रीनवरची उभी रेघ. ती जिथं उभी, तिथं कट. तिला मागं-पुढं न्यायच्या सगळ्या कमांड मराठीत लिहून काढायचं काम माझं.

तपासायची जागा म्हणजे बाजारात कापडदुकानावर असलेला मनोहरभाऊंचा स्टुडिओ. नाटकांच्या जाहिराती, लग्नाची गाणी, सगळं भाऊंनीच कापलेलं. काचबिंदूनं नजर गेली आणि रेघ दिसेनाशी झाली. तेव्हापासून शोभावहिनी शेजारी बसून सांगतात, "मागं... अजून मागं... हं, इथं!"

भाऊंचा एकच हेका. "मले एकट्यानं कापता आलं पाह्यजे. नाही त टाळं लावतो स्टुडिओले!" आणि माणूस खरंच लावेल हो, इतका हट्टी आहे.

* * *

पहिल्याच दिवशी भाऊ सॉफ्टवेअरला म्हणाले, "थोडसा मागं जा."

"किती सेकंद?" सॉफ्टवेअरनं विचारलं.

"अबे, थोडसा म्हंजे थोडसा!"

मी पुण्याला फोन लावला. तिथला इंजिनिअरही तेच विचारतो, "थोडंसं म्हणजे नेमकं किती?"

वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला. "भाजीत मीठ कमी पडलं त तुमच्या घरी किती टाकते जी? तेवढा!"

पुढच्या अपडेटमध्ये 'थोडसा' चालायला लागला. त्याचं माप त्यांनी कुठून काढलं, देव जाणे.

* * *

आमच्या इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो. नट विसरो न विसरो, वाक्य आधी त्याच्याकडून येणार. अशाच एका तालमीच्या रेकॉर्डिंगवर मी 'पुढच्या आवाजावर जा' ही कमांड तपासत होते. नाटकाचा हिरो बाजूलाच बसलेला, केसांवरून हात फिरवत.

कर्सर दर वेळी हिरोच्या आधी एका बारीक आवाजावर थांबायचा. मी वैतागले. "भाऊ, बग आहे हा. पुण्याला कळवते."

"बग नाही बाई थो. थो शंकर प्रॉम्प्टर हाय."

हिरो लालेलाल. "काढून टाका त्याले!"

"काढतो न. पण मंग तुले कोण सांगन?"

* * *

सॉफ्टवेअर खोलीत जो बोलेल त्याचं ऐकतं. वहिनींची सवय जायची कुठं? भाऊ म्हणायचे, "पुढं जा." वहिनी म्हणायच्या, "पुढं कायले? मागं जा!" रेघ बिचारी इकडून तिकडं पळतेय आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत!

मी मॅन्युअलमध्ये लिहिलं: 'एका वेळी एकानेच कमांड द्यावी.'

पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "एवढी साधी गोष्ट लिहायची गरज आहे का?"

मी म्हटलं, "मॅडम, तुमचं लग्न झालंय का?"

वाक्य राहिलं.

* * *

मग तो दिवस आला. नाटकाची अख्खी जाहिरात भाऊ एकटे कापणार होते. आम्हा दोघींना त्यांनी बाहेर काढलं. वहिनी जिन्यात बसून पदराचं टोक पिळत होत्या, आणि खरं सांगते, मी दाराला कान लावला होता.

दार उघडलं. "आयका," भाऊ म्हणाले.

एकही कट खटकत नव्हता! वहिनी रडल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "चला, मी सुटली! आता माह्या माहेरची मंडई पाहून येतो."

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, लेकीबाळी माहेरी येतात. भाऊंची नजर गेल्यापासून वहिनी आपल्या माहेरी, केशोरीला गेल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्यासुद्धा.

* * *

त्यानंतर चार दिवसांनी मी स्टुडिओत गेले, तर भाऊ हाताची घडी घालून बसलेले. काम पडून होतं.

"काऊन भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

केशोरीला फोन लावून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "शोभा, मशीन बिघडली. कर्सर हालूनच नाही राहिला."

"असं? द्या त्याले फोन!"

भाऊंनी मुकाट्यानं फोन माइकपाशी धरला.

"सुरुवातीला जा!" वहिनी तिकडून ओरडल्या.

"सुरुवातीला आलो," सॉफ्टवेअर बोललं.

"शेवटी जा!"

"शेवटी आलो."

"चांगला त हालून राहिला! खोटं काऊन बोलता जी?"

भाऊ घुटमळले. फोन अजून माइकपाशीच होता. मग हळूच म्हणाले, "ये."

"ही कमांड समजली नाही," सॉफ्टवेअर म्हणालं. "कृपया पुन्हा सांगा."

भाऊंनी पुन्हा सांगितलं.