समुद्रावरची पहिली पंगत

सोलापूरच्या बाळीवेशीतले शिवयोगी आचारी लग्नघरी पोचले की मांडवाकडं बघायचे नाहीत. ते आधी मांडवाच्या मागं जायचे. लाकडं वाळलेली आहेत का, वारा कुठून येतोय, एवढंच बघायचे. चाळीस वर्षं सोलापुरात आणि अक्कलकोटकडच्या गावांत त्यांनी लग्नांचा स्वयंपाक केला. त्यांच्या हातची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला माणसं आमंत्रण नसतानाही यायची असं अजून सांगतात. कढईजवळ मात्र ते फारसे उभे राहत नसत. लांब बाजेवर बसून डोळे मिटायचे आणि तिथूनच सांगायचे, गूळ तळाला लागायला लागलाय, जाळ ओढा. सगळा कारभार नाकावर.

ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण वास काही परत आला नाही. गोड, खारट, आंबट जिभेला कळायचं, बाकी सगळं जेवण भिजलेल्या कागदासारखं. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणून कामं सोडली. वास न येणारा आचारी हे ऐकायला त्यांना स्वतःलाच लाज वाटायची.

तिसऱ्या वर्षी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, बसवेशनं, सगळ्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात राहायचं. शिवयोगींनी नको म्हणून पाहिलं. पण सावित्रम्मा, त्यांची बायको, कधी नव्हे ती म्हणाली, जाऊया की. तिनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसलेलं उजनी धरणाचं.

जहाज त्यांना जहाज वाटलंच नाही. एखादी पांढरी पेठ उचलून कुणीतरी पाण्यावर ठेवावी तसं ते उभं होतं. दारात एका मुलीनं फोटो काढून गळ्यात कार्ड अडकवलं. आतला गालिचा पाहून सावित्रम्मानं चपला काढून हातात घेतल्या. सून वैजयंतीनं हळूच त्या परत घालायला लावल्या. काचेच्या लिफ्टमधून वर जाताना खाली कारंजं, पियानो, माणसं सगळं लहान लहान होत गेलं. कासवाचा वेश घातलेला एक माणूस पोरांशी हात मिळवत फिरत होता. मग सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून संकटात काय करायचं ते शिकवलं. नारिंगी जाकिटात शिवयोगी आणि सावित्रम्मा एकमेकांकडं बघून खूप दिवसांनी हसले.

जहाज निघालं ते कळलंच नाही. कठड्याला धरून उभं असताना बंदराचा धक्काच मागं सरकायला लागला. इमारती धुरकट झाल्या, मग रेघ झाल्या, मग त्या होत्या की नव्हत्या असं वाटायला लागलं.

जेवणाची वेळ सूर्य मावळायच्या सुमाराची होती. खिडकीपाशी सहा जणांचं टेबल मिळालं. सूप यायच्या आधीच कासवाची पार्टी सुरू झाल्याचं दोन्ही नातवंडांना कळलं, आणि त्यांच्यामागं बसवेश आणि वैजयंतीही गेले. तुम्ही सावकाश जेवा, आम्ही नंतर खातो, असं सांगून गेले. टेबलावर दोघंच उरली.

चाळीस वर्षांत दोघं एका पंगतीला बसली नव्हती. लग्नसराईत ते घरी नसत, घरी असले की ती वाढायची. पोराच्या लग्नातसुद्धा ते चुलीपाशीच होते. आता समोरासमोर बसल्यावर हात कुठं ठेवावेत ते दोघांनाही कळेना. बाहेर पाणी सोन्याच्या पत्र्यासारखं हलत होतं आणि त्याबरोबर पेल्यातलं पाणीही अगदी थोडं झुकत होतं.

वाढणारा उडुपीकडचा होता. सावित्रम्मा कानडीत बोलली तसा तो खुलला. शिवयोगींनी त्याला विचारलं, एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठं, चुली किती. तो म्हणाला, जहाजावर जाळ पेटवतच नाहीत, सगळं विजेवर शिजतं. जाळ नाही, धूर नाही, आणि तरी हजारो माणसं जेवतात. शिवयोगींना आपण कुठल्यातरी दुसऱ्याच जन्मात येऊन बसलोय असं वाटलं. तिथं जुनं काही लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "मला वास येत न्हाई. तापापासनं."

सावित्रम्मानं पावाचा तुकडा मोडला. "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"दूध करपलं, शेजारीण पळत आली. तुमी पातेल्याशेजारी पेपर वाचत बसला हुता."

"मग बोलली न्हाईस?"

"आचाऱ्याला ते कसं इचारायचं? तुमी सांगाल तवा सांगाल म्हणलं."

डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी मांडीवरच्या पांढऱ्या रुमालानं पुसलं. मग तिनं त्यांच्यापुढची वाटी ओढून घेतली, वाफेवर वाकली आणि सांगितलं, हे आळंब्यांचं सूप आहे, पण वास येतोय कडब्याची गंजी उकलल्यावर आतून येतो तसा. पाव जात्यातून पडणाऱ्या गरम पिठासारखा. चीज घातलेल्या भाजीपाशी ती थोडी थांबली, मग म्हणाली, दह्याचं मडकं रिकामं करून उन्हात ठेवल्यासारखं. ती सांगायची आणि ते घास घ्यायचे. जिभेवर खारट तेवढंच यायचं, पण डोक्यात गंजी उकलायची, जातं फिरायचं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली. त्यांनी सूप परत मागवलं.

"तुला हे एवढं कवा कळाय लागलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी लग्नाहून आला की कापडं मीच धुवायची की. कुणाकडं काय शिजलं ते मला अंगरख्यावरनं कळायचं."

जेवण झाल्यावर ती दोघं वरच्या डेकवर जाऊन बसली. उजेड संपत आला होता, आणि पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्यांनी समुद्राचा वास कसला म्हणून विचारलं. तिला लगेच सापडेना. दोनदा तीनदा वारा ओढून घेतल्यावर म्हणाली, "तांब्याचा हंडा चिंच-मीठ लावून घासला, की हाताला येतो तसा."

त्यांनी आपले तळहात नाकापाशी नेले आणि तसेच धरून ठेवले.

बसवेश शोधत आला तेव्हा त्यांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यानं शेजारची खुर्ची ओढली आणि वडिलांच्या बाजूला समुद्राकडं तोंड करून बसून राहिला.