आधी हात, मग किल्ली

जुनी मोटरसायकल बघायला गेलं की दशरथअण्णा गाडीवर बसत नसत, किल्ली मागत नसत, किती पळाली असंही विचारत नसत. आधी खाली वाकायचे आणि उजव्या हाताचा तळवा इंजिनावर ठेवायचे. ताप बघावा तसा. विकणारा आपल्या गाडीचं कौतुक सांगत असायचा आणि अण्णा डोळे मिटून वाकलेले. तळव्याला जरा जरी कोमट लागलं, की हात झटकून उठायचे. "चला. उद्या येऊ. हिला कुनीतरी आधीच उठवलंया."

इंजिनाचं दुखणं सकाळी कळतं, असं त्यांचं म्हणणं. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. मग पहिल्यांदा चालू करताना जे वाजायचं ते वाजतं, आणि तेल वर चढलं की सगळं गप्प. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी एकदा चालू करून घेतो. "गरम इंजिन म्हंजी पावडर लावल्यालं त्वांड," अण्णा म्हणत. "आधी हात, मग किल्ली."

चाकणच्या कारखान्यात ते भट्टीवर होते आणि मी तपासणी विभागात. राहायला दोघं थेरगावात, एकाच गल्लीत. कंपनीची बस चुकली की माझ्या मागं बसून यायचे आणि वाटेत पुढच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तिची कुंडली सांगायचे. ते मूळचे मावळातले. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. कारखान्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की रविवारी अण्णांना घेऊन जायचं, हा रिवाजच होता. मोबदला म्हणजे परतताना एक चहा. गल्लीतल्या बायका तर पोरं घेऊन त्यांच्या दारात यायच्या. अण्णा कपाळावर तळवा ठेवून सांगायचे, "ताप न्हाई वैनी. रडून रडून गरम झालंय त्ये." आणि खरंच ताप नसायचा.

या हाताचं मी काय केलं, ते मला सांगायचं आहे.

माझी गाडी सकाळी चालू करताना खडखडायला लागली होती. आकुर्डीच्या माझ्या मेकॅनिकनं ऐकलं आणि सांगितलं, टायमिंग चेनचा टेन्शनर गेलाय. इंजिनाच्या आत एक साखळी असते, तिला ताणून धरणारा हा भाग. तो सैल पडला की साखळी आतल्या आत आपटते. दुरुस्ती करून घेता आली असती. मला तशी काही अडचण नव्हती. पण नवी गाडी ठरली होती, आणि जी विकायचीच आहे तिच्यावर कशाला खर्च करा, एवढाच माझा हिशेब.

गिऱ्हाईक मिळालं ते आमच्याच कॅन्टीनमधला आचारी, बार्शीकडचा नामदेव. पहिल्या शिफ्टच्या आधी जाऊन चहा टाकायचा म्हणून त्याला स्वतःची गाडी हवी होती. रविवारी बघायला येतो म्हणाला. "अण्णाबी येतील संगं."

रविवारी पहाटे मी गाडी चालू केली. खडखड झाली, थांबली. लगेच बंद केली आणि नळाच्या गार पाण्यानं बादल्या ओतून धुवायला घेतली. थंडीचे दिवस होते. इंजिनाच्या पात्यांवर मी पुन्हा पुन्हा पाणी मारत राहिलो. ते दोघं गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा फडक्यानं पुसत होतो.

अण्णा वाकले. तळवा ठेवला. डोळे मिटले.

"धुतली व्हय रं?"

"हो अण्णा. लेक सासरी पाठवायची तर आंघोळ नको?"

अण्णा मोठ्यानं हसले. नामदेवही हसला. "घे नामदेवा," अण्णा म्हणाले, "गार हाय." मग किल्ली लावली. गाडी शहाण्यासारखी चालू झाली.

त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना हसवून वेळ मारून नेली होती. दुसरा कुणी विकणारा असता तर त्यांनी ओली गाडी बघून पाठ फिरवली असती. पण विकणारा मी होतो.

आठवडाभरात नामदेव कॅन्टीनमध्ये, चहाच्या रांगेसमोर, अण्णांना म्हणाला, "अण्णा, तुमी हात लावून घेतलेली गाडी सकाळी अशी वाजतीया, जसं डब्यात खिळं भरून हलवल्यात. सगळी आळी उठती."

रांग हसली. अण्णा हसले नाहीत. "शनवारी माझ्या दारात आनून लाव. रातभर गार हू दे." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तूबी ये. तुझी गाडी, तुला तिच्या खोडी ठाऊक."

रविवारी सकाळी त्यांनी स्वतः गाडी चालू केली. खडखडली, क्षणात थांबली. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला ॲक्सिलरेटर पिळायला लावलं. "टॅपेट न्हाई. टॅपेट आसता तर गरम झाल्यावरबी टकटक ऱ्हायली आसती. खालचं बेरिंगबी न्हाई, त्ये घुमतं." आधी तेल बदलून बघितलं. पुढच्या रविवारपर्यंत थांबले. आवाज तसाच. पण या वेळी गार गाडी चालू करतानाच त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर साखळीच्या बाजूला टेकवला होता, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हितं हाय ती."

या सगळ्या वेळात मी शेजारी पाना धरून बसलो होतो. ते दोन रविवार खर्चून ज्या ठिकाणी पोचले, ते ठिकाण मला पहिल्यापासून माहीत होतं.

टेन्शनर काढला. अण्णांनी त्याचा दांडा अंगठ्यानं दाबला तर तो विरोध न करता आत गेला. त्यांनी तो मला दाखवला. "तुझ्याकडं कधी वाजली व्हती का रं ही?"

"नाही, अण्णा."

नवा टेन्शनर त्यांनी स्वतःच्या पैशानं आणून बसवला. नामदेवाला पैसे देऊ दिले नाहीत. दुसऱ्या सकाळी गाडी मांजरासारखी चालू झाली. अण्णा बराच वेळ आपल्या तळव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्सं भट्टीपुढं काढली. भट्टीनं हात खाल्ला माझा. गार-गरम कळंना झालं."

आपल्या हातावर त्यांनी संशय घेतला. माझ्यावर नाही घेतला.

त्यानंतर त्यांना कुणी गाडी बघायला नेईना. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणायचं, "अण्णांचं मीटर बंद पडलं राव," आणि अण्णाही हसण्यात सामील व्हायचे. गाडीचं मला सोसलं असतं. पण एकदा माझ्या मुलीला कणकण होती, बायको तिला घेऊन त्यांच्याकडं गेली आणि तशीच परत आली. "अण्णांनी हात मागंच धरले," ती सांगत होती. "म्हणाले, वैनी, थर्मामीटर लावा. माझ्या हाताचं काय खरं न्हाई. असं का हो म्हणाले?"

"काय माहीत," मी म्हणालो.

वर्षं गेली. अण्णा निवृत्त झाले. एक दिवस त्यांचा मुलगा चौकात भेटला. म्हणाला, अण्णांच्या हाताच्या नसा तपासायला नेतोय, सुया टोचून करंट देऊन बघतात म्हणे. अण्णा घाबरलेत, पण हात गेलाय हेच त्यांनी मनात धरलंय.

मी घरी न जाता थेट त्यांच्याकडं गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते.

"अण्णा, नामदेवाला विकलेली ती गाडी मी तुम्ही यायच्या आधी चालू केली होती."

"धुतली म्हनालास तू."

"चालू केली, मग धुतली. मुद्दाम. तुमच्या हाताला कळू नये म्हणून."

ते हळूच म्हणाले, "म्हंजी गार लागली, ती गारच व्हती?"

"हो."

"मग हात?"

"हाताला काही झालेलं नाही अण्णा. हात बरोबरच सांगत होता."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. अण्णा उठले आणि उन्हातल्या भिंतीला हात लावला. मग सावलीतल्या. मग आत गेले. मला त्यांचं बायकोशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं.

"सुमन, तुला कणकण हाय."

"कालपासनं हाय. कुणाला सांगू? आन् आज काय मधीच हात लावताय?"

अण्णा हसत होते, लहान मुलासारखे. ते हसणं ऐकून मला ओट्यावर बसवेना.

बाहेर आले तेव्हा मात्र चेहरा वेगळा होता. "नामदेवाला सांगितलंस?"

"नाही."

"रांगंत हसले ते माझ्यावर. तू हुबा व्हतास तिथं. जा. आधी त्याला सांग, रांगंतच सांग. मग माझ्या दारात ये." चहा विचारला नाही. त्या घरात पहिल्यांदाच.

मी रांगेत सांगितलं. नामदेवानं हातातला ओगराळा खाली ठेवला. "अण्णांना म्या काय काय बोललो, राव," एवढंच म्हणाला. त्या रविवारी तो त्यांच्या पाया पडून आला. मला कॅन्टीनमध्ये नवं नाव पडलं, 'वॉशिंग सेंटर'. आजही तेच चालतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. "वाकडला एक गाडी बघायची हाय. चल."

"मी कशाला, अण्णा?"

"तू लागतोस. चोराची बुद्धी मला कुठनं येनार?"

मग आम्ही दोघं जायचो. अण्णा इंजिनावर हात ठेवायचे आणि मी गाडीखालची फरशी ओली आहे का ते बघायचो. मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्याच्या आदल्या आठवड्यातही माझ्या नातवाच्या कपाळावर तळवा ठेवून म्हणाले होते, "हाय ताप. डाक्टरकडं न्या." होता.

गेल्या महिन्यात मी माझी आताची गाडी विकायला काढली. सकाळी एक जण बायकोला घेऊन बघायला आला आणि त्यानं सरळ किल्लीकडं हात नेला.

"थांबा," मी म्हणालो. "आधी इंजिनाला हात लावून बघा."

त्याला काही कळलं नाही, पण लावला. "थंड आहे की."

"आता चालू करा."

गाडी खडखडली आणि थांबली. दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"टेन्शनर गेलाय," मी म्हणालो. "बसा, चहा घेऊ. काय काय करावं लागेल ते सांगतो."