लाईट नसताना निघालेली पट्टी

मी फिजिक्सचा बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं...

सत्तरचं दशक, भर उन्हाळा. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता. वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात आबा – माझे वडील – एकदम गळाठले. हातपाय लुळे, नाडी मंद. जाणते म्हणाले, "हार्ट हाय. नेऊ नगस, रस्त्यातच जाईल." मी ऐकलं नाही. जीपमध्ये घालून जालन्याला आणलं.

तिथं एका डॉक्टरीणबाईंकडे ईसीजीचं मशीन होतं. खोलीत इतकं उकडत होतं, की मी आबांना वर्तमानपत्रानं वारा घालत उभा. मशीननं घरघर करत कागदाची पट्टी सोडली. बाई बघतच राहिल्या. लाटा उंच, टोकदार – ओळीनं तंबू ठोकल्यासारख्या.

"आबा, लघवी कधी झाली?"

आबांनी नजर भिंतीकडे वळवली.

"सांगा की, आबा!" मी ओरडलो.

"बाईमाणसाम्होरं काय सांगू रे... परवापसून थेंब न्हाई."

"लाज राहिली असती आणि तुम्ही गेला असता," बाई म्हणाल्या. "हृदय बिलकुल चांगलं आहे तुमचं. लघवी तुंबून रक्तात पोटॅशियम साचलंय, त्यानं ते दबलंय."

त्यांनी शिरेत कॅल्शियम दिलं, लघवी मोकळी करायला रबरी नळी घातली. हळूहळू आबांनी डोळे नीट उघडले. "पोरा, च्या मिळंल का?"

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

"आली बाई लाईट!" कंपाउंडर म्हणाला.

"गेली कधी होती?" बाईंनी विचारलं.

"तुमी पेशंट आत घेतला, त्याच्या आधीच गेल्ती की!"

मी हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. पंखा बंद, म्हणूनच तर वारा घालत होतो! मशीनची वायर पंख्याच्याच बोर्डात. बॅटरी नाही. पट्टीवर रेघ उमटवणारा काटा तापायलासुद्धा वीज लागते. बाईंनी वायर काढून बटण दाबून पाहिलं – काटा जागचा हलला नाही.

"पट्टी खोटी म्हणावी, तर आबा चहा मागून राह्यले," त्या हसल्या.

आबा पुढं बरीच वर्षं जगले. मी फिजिक्स सगळं लावून पाहिलं... जमत नाही. ती पट्टी कशी निघाली, मला माहीत नाही. पण ती वाचली कुणी, ते पक्कं माहीत आहे.