फागनीनं मोजलेले चट्टे

फागनी देवारीण, गावोगाव गोंदत फिरणाऱ्या देवार जमातीतली. तीन सुया एकत्र बांधून, काजळात बुडवून ती बायकांच्या अंगावर मोर, विंचू काढायची. बायका किंचाळायच्या, शिव्या द्यायच्या. छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्या वर्षी कोसमडीच्या गौंटियाची, म्हणजे गावच्या मालगुजाराची, धाकटी सून जेठिया मात्र पाठ गोंदवताना चक्क पेंगायला लागली. फागनीनं मुद्दाम सुई खोल टोचली. पोरगी हलली नाही. कातडीवर फिकट चट्टा होता; लुगडं जरा सरकवून तिनं बाकीचेही मोजले.

"पोरी, कुष्ठवाल्या डॉक्टरला दाखव," ती कानात म्हणाली.

सासूनं ऐकलंच. "रांडे, माझ्या घरावर कुष्ठाचं नाव घेतेस?" तिनं काजळाची वाटी अंगणात भिरकावली. गड्यांनी फागनीला वेशीबाहेर काढलं.

ती तडक माझ्याकडं आली. लोक मला डॉक्टर म्हणत, पण मी साधा कुष्ठ तपासनीस. मी गेलो तर सासू दारातच उभी. सुनेचे हात आणि पाठ, एवढंच पाहू दिलं. पाच चट्टे. नियम होता, पाच चट्ट्यांपर्यंत दोन औषधं, सहा महिने. तसं लिहून परतलो.

"पाच?" फागनी भडकली. "डोळे गहाण टाकलेस का? कमरेखाली आणखी दोन आहेत!"

"सासू बघू देईना."

"मग नर्सबाईला ने, भित्र्या!"

नेलं. सात निघाले. म्हणजे तीन औषधं, वर्षभर.

"त्या तपकिरी गोळ्यांनी काळी पडेल ही," सासू फणकारली. "आम्ही नाही ठेवून घेणार."

"गोळ्या संपल्या की रंग हळूहळू निवळतो, माय," मी म्हणालो. "पण गोळ्यांवाचून बोटं वाकडी झाली तर—"

"मी खाईन," जेठिया पहिल्यांदाच बोलली. "ठेवा नाहीतर टाका."

घरात ठेवलं, पण तिचं ताट वेगळं झालं, नवरा बोलेनासा झाला. दर महिन्याला ती एकटी चालत यायची, माझ्यासमोर नव्या पाकिटातला पहिला डोस गिळायची. बारावं पाकीट संपलं तेव्हा दहाही बोटं सरळ होती.

फागनीला मात्र आसपासच्या आठ गावांनी बंदी घातली. सुईवाली रोग पसरवते, म्हणे. मी समजावायला गेलो, तर माझ्या सायकलवर शेण मारलं. शेवटी ती वीटभट्टीवर मजुरीला निघाली. जेठिया बसथांब्यावर आली.

"हो बाजूला," फागनी खेकसली. "तुझ्यापायी माझ्या पोटावर पाय आला."

जेठियानं फागनीचं गाठोडं बसच्या टपावर चढवलं आणि पायीच कोसमडीला परतली.